सुन्निवा फोन उचलत नाही

आमच्या बेटावर सुन्निवाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्याबद्दल ज्याला स्वतःचं मत नाही असाही नाही. तिची सगळी हयात फेरीबोटीवरच्या कॅन्टीनमध्ये गेली. बेटावरून निघालेली बोट एक कप कॉफी संपेपर्यंत पलीकडच्या काठाला लागे, आणि दुसरा कप संपेपर्यंत परत. तेवढ्या वेळात सुन्निवा तव्यावर स्वेले टाकायची. स्वेले म्हणजे आमच्या बोटींवर मिळणारी जाड, मऊ, गोडसर धिरडी. लोणी-साखर लावून, घडी घालून ती गरमगरम हातात द्यायची. लोक घरून पोटभर खाऊन निघत आणि तरी बोटीवर रांगेत उभे राहत.

उन्हाळ्यात परदेशी प्रवाशांची झुंबड उडायची. सुन्निवाला आमच्या गावठी बोलीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी तिच्यापुढे हात टेकले होते. पण तिचं कधी अडलं नाही. गिऱ्हाईक कुठल्याही देशाचं असो, ती आपली गावच्या बोलीत पूर्ण वाक्यं बोलायची, खणखणीत आवाजात, जसं काही समोरचा शेजारच्या आळीतच राहतो. एकदा एक इटालियन बाई स्वेले अजून लाल करून दे म्हणून अडून बसली. सुन्निवा म्हणाली, लाल केलं की ते स्वेले राहत नाही, चप्पल होते. दोघी आपापल्या भाषेत काठ येईपर्यंत भांडल्या आणि उतरताना ती बाई हसत हात हलवत गेली. तेव्हापासून सुन्निवाचं ठाम मत झालं होतं: जे प्रवासी खाली बघत, चाचरत, माफी मागत बोलतात त्यांना काही मिळत नाही. जो आपल्या भाषेत ताठ मानेने बोलतो त्याला काय हवंय ते तव्यालासुद्धा कळतं.

मग समुद्राखालून बोगदा झाला. उद्घाटनाला बँड वाजला, भाषणं झाली, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि सुन्निवाचा तवा थंड झाला. ती उद्घाटनाला गेली नाही. आजही ती त्या बोगद्याला 'ते भोक' म्हणते.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ती लाकडं आणायला अंगणात गेली आणि बर्फावरून घसरून पडली. बराच वेळ तशीच पडून होती. शेजारचा टोरलाइव, म्हणजे बोटीचा जुना कप्तान, त्याने खिडकीतून पाहिलं आणि उचलून आत आणलं. मोडलं काही नव्हतं, पण तिची मुलगी इंगविल शहरातून धावत आली ती डोळे पुसतच. परत गेली ती एक गोष्ट मनाशी पक्की करून. पालिकेचं कार्यालय आहे त्या गावात म्हाताऱ्यांसाठी बांधलेली घरं आहेत. पायऱ्या नाहीत, उंबरे नाहीत, आणि न्हाणीघरात एक लाल दोरी लोंबते. ओढली की माणूस हजर. इंगविलने आईचं नाव तिथे लावून टाकलं.

वसंतात ती पुन्हा आली आणि कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आई, पालिकेचा फोन होता. एक जागा रिकामी झालीय."

"कोण मेलं?"

"आई!"

"अगं, तिथली जागा रिकामी होते ती कशाने? आइसक्रीम खायला कोणी बाहेर पडत नाही तिथून."

"मला रात्री झोप लागत नाही," इंगविल म्हणाली. "फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुला कळतंय का?"

सुन्निवाला कळत होतं. मुलगी वाईट नव्हती, उलट फार चांगली होती, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाला दार लावून घेता येतं. सुन्निवा उठली, खिडकीशी गेली, आणि तिथून जे बोलली ते तिने आधी ठरवलं होतं की त्याच क्षणी सुचलं, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

"मी पोर्तुगालला जाते. एकटी."

"काय?"

"एकटी जाते, बघते, फिरते आणि माझ्या पायांनी परत येते. त्यात तुझ्याकडे एकदा जरी मदत मागितली, तर आल्यावर मुकाट्याने त्या दोरीच्या घरात राहायला जाईन. नाही मागितली, तर त्या घराचं नाव या स्वयंपाकघरात पुन्हा काढायचं नाही."

"तुला साधं इंग्रजी येत नाही, आई!"

"पोर्तुगालमध्ये इंग्रज राहतात का?"

"गटाबरोबर तरी जा ना. गाइड असतो, छत्री उंच धरून पुढे चालतो. चुकायची भीतीच नाही."

"कुणाच्या छत्रीमागे चालायचं असेल तर मी इथेच पावसात भिजेन."

पोर्तुगालच का, हे इंगविलने विचारलं नाही. आमच्याकडे ते कुणी विचारत नाही. सुन्निवाची आई, आजी, सगळ्या आळीच्या बायका कॉड मासा चिरून, मीठ लावून किनाऱ्यावरच्या खडकांवर वाळत घालायच्या. ढग आला की धावत जाऊन झाकायच्या, ऊन आलं की पुन्हा पसरायच्या. पाठी मोडून जायच्या. मग जहाज यायचं आणि तो मासा पोर्तुगालला जायचा. पिढ्यान् पिढ्या मासा गेला. बायकांपैकी एकीलाही कुणी कधी नेलं नाही. सुन्निवा लहानपणापासून याचा राग धरून होती. मेलेला मासा भाषा न येता तिथवर पोचतो, आणि जिवंत बाई दोन काठांच्या मध्ये जन्म काढते, हे तिला मुळीच पटत नव्हतं.

इंगविल हसली आणि म्हणाली, "ठरलं." तिची खात्री होती की आई विमानतळावरूनच फोन करेल.

बातमी बेटभर व्हायला वेळ लागला नाही. आमच्या लोकांची एक खोड आहे. कुणी जरा मान वर केली की बाकीचे लगेच खालून खेचायला बसतात. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, मच्छी कारखान्याच्या फाटकाशी एकच बोलणं: या बाई स्वतःला समजतात तरी कोण? टोरलाइव तर कुंपणावर कोपर टेकूनच उभा होता.

"अगं सुन्निवा, आयुष्यभर तू हा काठ नाहीतर तो काठ. तिसरा काठ आला तर उतरायचं विसरशील हं."

"तू बोट चालवत होतास म्हणून दोनच काठ होते, टोरलाइव. मी चालवली असती तर कुठल्या कुठे गेलो असतो."

"हरवलीस तर?"

"तर तुझ्या पोटात का दुखतंय? अंगणातून उचलायचं तेवढं एक काम वाचेल तुझं."

आणि ती गेली. विमानतळावरून फोन आला नाही.

पोर्तो शहरात पहिल्याच दिवशी तिला मासा भेटला. एका दुकानाच्या दारात फळ्यांसारखे कडक सुके कॉड उभे करून ठेवले होते, आणि त्या वासाने तिला जागच्या जागी उभं केलं. तो तिच्या आईच्या एप्रनचा वास होता. तिने एक मासा उचलला, नाकाला लावला, शेपूट वाकवून बघितली. आतून दुकानदार ओरडत आला. तिने त्याला आमच्या बोलीत सांगितलं, "ओरडू नकोस. हा मासा तुझ्याआधी माझ्या घरचा आहे." त्याने हाताने हुसकलं, तिनेही त्याला तसंच हुसकलं, आणि मासा जागेवर नीट उभा करून ती पुढे निघाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्या माणसाला दिसू द्यायचा तिचा इरादा नव्हता.

बघायची ठिकाणं तिने तिची तिनेच ठरवली. मोठ्या चर्चपुढे छत्र्यांमागून माणसांचे कळप चालले होते, म्हणून ती आतच गेली नाही. नदीवर एक लहानशी बोट या काठावरून त्या काठाला माणसं नेत होती. त्या बोटीत मात्र ती इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की शेवटी नावाड्याने तिला बघून कपाळाला हात लावला. बोटीवर कॅन्टीन नव्हतं. एवढं मोठं शहर आणि बोटीवर घासभर खायला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. खाणावळीत शिरून तिने शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवलं. समोर आलं ते जनावराच्या पोट-आतड्यांचं घेवड्याबरोबर शिजवलेलं कालवण. तिने ते पावाने पुसून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन स्वतःच्याच कालच्या टेबलाकडे बोट दाखवलं. वाढणारा हसला. त्याने काही न विचारता तेच आणून ठेवलं. त्या दिवशी सुन्निवा रस्त्याने चालली ती अशी, की जणू गावची पाटलीणच.

मग तिने बस धरली. कुठली म्हणाल, तर जिच्यात टोपल्या घेतलेल्या बायका चढत होत्या ती. बस डोंगरात शिरली, वळणं घेत वर गेली, आणि एका ठिकाणी खाली उतरणीवर हिरवे मळे आणि वर राखाडी खडक दिसले, तशी ती उतरली. दुपारभर चालली. आमच्या बायका डोंगर चढतात तशी, न बोलता, न थांबता. एकदा तर मोठ्याने गायलीसुद्धा, कारण ऐकायला कुणी नव्हतं आणि तिला तिथे कुणाची मुलगी, कुणाची आई, कुणाची शेजारीण असायचं नव्हतं. इतकं मोकळं आपल्याला पूर्वी कधी वाटलं होतं, हे तिला आठवेना.

संध्याकाळच्या आधी धुकं उतरलं. आमच्याकडच्यासारखंच, एका क्षणात. खालचा रस्ता गेला, वरचे खडक गेले. आणि तेवढ्यात समोर दगडाची एक बुटकी झोपडी आली. दाराला कुलूप नव्हतं, नुसती दोरी गुंडाळलेली.

आता इथे आमची सवय सांगायला हवी. आमच्या डोंगरांत वाटसरूंसाठी झोपड्या असतात. राखणदार नसतो. धुक्यात सापडलात तर आत शिरायचं, शेगडी पेटवायची, ठेवलेलं खायचं, झोपायचं. सकाळी निघताना झाडून पुसून, पाणी भरून, लाकडं फोडून ठेवायची, म्हणजे पुढच्याला तयार मिळतं. पैसे टाकायला भिंतीला एक डबा असतो. हे सगळं आमच्या हाडात इतकं मुरलंय की जगात दुसरीकडे असं नसेल, हे आमच्या डोक्यातसुद्धा येत नाही. सुन्निवाने दोरी सोडली, आत गेली, बघितलं तर चूल, सुकी लाकडं, खाट, घोंगडी, भिंतीला लटकवलेले कांदे. ती खूश झाली. "शहाणी माणसं आहेत," असं मोठ्याने म्हणाली, आणि कांदे भाजून खाऊन झोपली.

सकाळी तिने पैशाचा डबा शोधला. चुलीमागे बघितलं, खाटेखाली बघितलं. डबा काही सापडेना. विसरले असतील लावायला, असं म्हणून तिने ठरवलं की आपण हिशोब कामाने चुकता करू. झऱ्यावरून पाणी आणून तिने जमीन घासली. भांडं राखेने असं चकचकीत केलं की त्यात तोंड दिसावं. मग झोपडीमागे गेली. तिथे पुरुषभर उंचीचे, सरळ, सोललेले, खणखणीत वाळलेले लाकडाचे सोट नीट रचून ठेवले होते. इतकं सुरेख लाकूड, आणि फोडून ठेवायला कुणाला सवड नाही! कोपऱ्यात कुऱ्हाड होती. सुन्निवाने जाकीट काढलं, बाह्या सारल्या आणि दुपार होईतो एकूण एक सोट फोडून चुलीच्या मापाचा केला. भिंतीशी त्याचा असा ढीग रचला की आमच्याकडे असता तर लोक बघायला आले असते.

त्या ढिगासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी होती, तेव्हा वाटेवरून एक बाई आली. काळे कपडे, डोक्याला रुमाल, खांद्यावर फावडं, वय सुन्निवाएवढंच. तिचं नाव फेलिझमिना, हे पुढे कळलं. झोपडी तिची होती. खालचा द्राक्षांचा मळा तिचा होता. आणि ते सोट द्राक्षवेलींना आधाराला लावायचे खांब होते.

फेलिझमिनाने आधी ढीग बघितला, मग रिकामी जागा बघितली, मग सुन्निवाला बघितलं. फावडं हातातून खाली पडलं. मग ती जे ओरडली, त्यातला शब्दही सुन्निवाला कळला नाही आणि सगळंच कळलं. ती खाली मळ्याकडे हात करत होती, तिथे वेली जुन्या मोडक्या खांबांवर ओणवल्या होत्या. ती चेस्टनटच्या झाडीकडे हात करत होती. शेवटी तिने आपले दोन्ही तळवे सुन्निवाच्या नाकासमोर धरले. घट्टे पडलेले, चिरा गेलेले. हे तिने एकटीने तोडले होते, एकटीने वाहून आणले होते, सोलले होते, वाळवले होते. हे हात सुन्निवाच्या ओळखीचे होते; तिच्या आईचे असेच होते.

पण तिचा स्वभाव असा, की लाज वाटली की तिला आधी राग येतो. "मग दाराला कुलूप लावायचं ना बाई!" ती ओरडली. "दार उघडं ठेवायचं आणि आत आलेल्याला चोर म्हणायचं, ही कुठली रीत?"

फेलिझमिनाने एप्रनच्या खिशातून फोन काढला.

पोलीस आला तो तरणा पोरगा होता. त्याने टोपी काढून इंग्रजीत विचारलं. सुन्निवाने मान हलवली. त्याने फ्रेंच करून बघितलं, स्पॅनिश करून बघितलं, हाताशी होतं नव्हतं ते सगळं करून बघितलं.

"पोरा," सुन्निवा म्हणाली, "इतक्या भाषा येतात तुला, आणि एक कामाची नाही."

त्याने पासपोर्ट बघितला. मग अंगठा आणि करंगळी कानाशी धरून तिच्या पिशवीकडे बोट केलं. घरी कुणी आहे का, बोलावून घे, कुणाशी तरी बोलणं करून दे. सुन्निवाने फोन काढून बाहेरच्या दगडी बाकावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ केली. पोरगा थांबला. फेलिझमिना थांबली. आणि तेवढ्यात फोन आपणहून वाजायला लागला.

पडद्यावर इंगविलचं नाव होतं. ती रोज साधारण त्याच वेळी फोन करायची, त्यात विशेष काही नव्हतं. पण पोलिसाचा चेहरा उजळला. देवच पावला त्याला. घे, घे, असं तो हाताने सांगू लागला.

सुन्निवाला तो फोन घ्यायचा होता. हे ती स्वतः सांगते, लपवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी नजरेत चोर होती. पलीकडे तिची मुलगी होती, जी फाडफाड इंग्रजी बोलते, जिने एका मिनिटात त्या पोराला सगळं समजावलं असतं. फोन घेणं म्हणजे मदत मागणं नव्हे, अशी पळवाटही तिच्या मनात येऊन गेली. पण तिला स्वतःचा आवाज माहीत होता. "हॅलो" म्हणतानाच तो फुटला असता. फुटला की इंगविलला कळलं असतं, आणि मग पोलीस, फेलिझमिना, खांब, सगळं इंगविलच्या हातात गेलं असतं. सुन्निवाच्या हातात ती लाल दोरी उरली असती.

फोन वाजत राहिला. डोंगरात तो फार मोठा वाटत होता. तिघंही त्याच्याकडे बघत उभी होती. मग तो थांबला.

सुन्निवाने कुऱ्हाड उचलली. पोलीस दोन पावलं मागे सरला आणि त्याचा हात पट्ट्याकडे गेला.

"बाजूला हो रे," ती म्हणाली. "तुला कोण मारतंय!" आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून ती चेस्टनटच्या झाडीकडे चालू लागली.

पहिल्या सोटाला तिने हात घालताच मागून किंकाळी आली. फेलिझमिना धावत आली, तिला ढकललं, आणि दुसरं झाड दाखवलं. मग तिसरं. यातलं तोडायचं, यातलं नाही. सुन्निवा तोडू लागली. लहानपणी गवत वाळत घालायच्या मांडवांसाठी तिने असले खांब खंडीभर केले होते, पण तेव्हा हात तरुण होते. पोलीस दगडावर बसून बघत राहिला. काय लिहून घ्यावं ते त्याला सुचत नसावं. शेवटी फेलिझमिनानेच त्याला काहीतरी तोडून सांगितलं आणि तो टोपी घालून निघून गेला. आता हे बायकांचं बायकांत होतं.

त्या संध्याकाळी सुन्निवाने मुलीला निरोप धाडला: मजेत आहे. लाकडं तोडतेय. इंगविलला ती थट्टा वाटली.

पुढचे काही दिवस ती तिथेच राहिली. पहिल्या दिवशी फेलिझमिनाने कोबीच्या सूपचा वाडगा आणि मक्याच्या पावाचा तुकडा झोपडीच्या पायरीवर ठेवला, कुत्र्याला ठेवतात तसा, आणि तोंड फिरवून गेली. सुन्निवाने खाल्लं, वाडगा घासून पायरीवरच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने तो मळ्यातल्या घरी नेऊन दिला आणि न बोलावता टेबलाशी बसली. फेलिझमिना जरा वेळ बघत राहिली. मग तिने दुसरा वाडगा भरला.

मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. भांडणं झाली. खांबाचं टोक सुन्निवा लांब आणि निमुळतं करायची, कारण आमची जमीन खडकाळ. फेलिझमिनाला ते आखूड हवं. ती आपल्या भाषेत म्हणायची, ते मोडेल. सुन्निवा आपल्या भाषेत म्हणायची, आमच्याकडची चाळीस हिवाळे टिकलीत. फेलिझमिनाने तिचा एक खांब जमिनीत ठोकून मोडून दाखवला. सुन्निवाने शिवी हासडली आणि त्यानंतर आखूड टोकं केली. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. रात्री पाठ अशी धरायची की कुशीवर वळताना ओरडायला व्हायचं, पण ऐकायला कुणी नव्हतं आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं.

शेवटच्या दिवशी फेलिझमिनाने ढिगातला खांब न् खांब हातात घेऊन गुडघ्यावर दाबून बघितला. काही बाजूला फेकले. सुन्निवाने त्या जागी नवे केले. तरी नुकसान पुरतं भरलं नव्हतंच. ओलं लाकूड वाळायला वेळ लागणार, या मोसमात वेली जुन्याच खांबांवर ओणवून राहणार, हे फेलिझमिनाने तिला मळ्यात नेऊन दाखवलं आणि सुन्निवाने मान खाली घालून बघितलं. मग फेलिझमिना तिला बसपर्यंत सोडायला आली. चालकाला तिने लांबलचक काहीतरी सांगितलं. ते काय होतं हे सुन्निवाला आजतागायत कळलेलं नाही, पण तो माणूस सबंध वाटभर आरशातून तिच्याकडे बघून हसत होता.

इंगविल तिला घ्यायला विमानतळावर आली होती. आईला मिठी मारली, पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि तिची नजर तळहातांवर गेली.

"आई, हे काय?"

सुन्निवाने गाडीत सगळं सांगितलं. गाळलं काहीच नाही. कांदे, खांब, पोलीस, फोन. गाडी 'त्या भोकात' शिरली तेव्हा गोष्टीत पोलीस आला होता, आणि बेटाच्या बाजूला बाहेर निघाली तेव्हा फोन वाजून थांबला होता. इंगविलने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि बंद केली.

"पोलीस? आई, पोलीस?"

"एकच होता. पोरगंच होतं."

"आणि मी फोन करत होते. तू तो वाजताना बघत होतीस?"

"बघत होते."

"का नाही उचललास? मी पहिल्या विमानाने आले असते!"

"माहीत होतं. म्हणून."

इंगविल रडायला लागली. स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाली, "मी काय तुझी वैरीण आहे?"

"नाहीस गं." सुन्निवाचा आवाज मोडला नाही. "तू आली असतीस. त्या बाईची छान इंग्रजीत माफी मागितली असतीस, तिची भरपाई केली असतीस, आणि मला दंडाला धरून घरी आणलं असतंस. सगळं नीट झालं असतं. मग मी कोण उरले असते, सांग?"

बाहेर जुना धक्का दिसत होता, त्यावर सीगल बसले होते. इंगविलने नाक पुसलं, फोन काढला, आणि पालिकेच्या बाईला सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, माझ्या आईला नकोय. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो," इंगविल म्हणाली, "मला तिची काळजी वाटते. रोज वाटते. पण जागा नकोय."

फोन ठेवून तिने आईचा हात मांडीवर घेतला, उलटा केला आणि त्या फोडांवरून अगदी हळू बोट फिरवलं.

"पुढच्या वेळी मी येऊ?" तिने विचारलं.

"ये की," सुन्निवा म्हणाली. "पण तुझी तू ये. एकटी. आणि मला फोन करू नकोस."